ट्रेक त्यांचा, सुट्टी दोघांची

प्रश्न थोडक्यात असा: पत्रलेखिका ४६ वर्षांच्या, पती ४९. मार्चच्या उत्तरार्धात दोघं पहिल्यांदाच मुलांशिवाय परदेशी निघालेत, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात. हाताशी नऊ दिवस. पती नियमित ट्रेकिंग करणारे. त्यांचा बेत असा: मेलबर्नला सकाळी उतरायचं, भाड्याची गाडी घेऊन त्याच दिवशी ग्रेट ओशन रोड या किनारी रस्त्यानं अपोलो बे हे गाव गाठायचं, पुढचे पाच दिवस तंबू पाठीवर घेऊन ग्रेट ओशन वॉक ही पायवाट पूर्ण करायची, मग गाडी आणून वॉर्नम्बूल, तिथून ग्रॅम्पियन्सचे डोंगर आणि नवव्या दिवशी परतीचं विमान. लेखिका रोज चार-पाच किलोमीटर चालतात, पण उतरताना उजवा गुडघा दुखतो. गाडी त्यांना येते, मात्र शहराबाहेर कधी चालवलेली नाही, त्यामुळे संपूर्ण ड्रायव्हिंग पती करणार हे दोघांनी धरूनच ठेवलंय. कड्याकाठच्या वळणांची त्यांना धास्ती वाटते. त्या लिहितात, "माझ्यामुळे त्याच्या स्वप्नाचा विचका होईल. त्याला मित्रांबरोबर पाठवावं आणि मी घरी थांबावं असं वाटतंय. पण तसं म्हटलं तर तो दुखावेल. काय करू?"

प्रिय मैत्रीण,

तुम्ही स्वतःला दोषी ठरवून मोकळ्या झालात, पण बेत तपासलाच नाहीत. तो आधी कागदावर मांडू या.

ग्रेट ओशन वॉक अपोलो बेपासून ट्वेल्व्ह अपोस्टल्सपर्यंत, म्हणजे समुद्रात उभ्या असलेल्या चुनखडकाच्या उंच खांबांपर्यंत जाते. लांबी शंभर किलोमीटरच्या आसपास. मोजणी कुठून कुठवर धरता त्यावर ११० पर्यंतचे आकडेही दिसतात. पायी येणाऱ्यांसाठी वाटेत सात मुक्काम आहेत: एलियट रिज, ब्लँकेट बे, केप ऑटवे, एअर रिव्हर, जोहाना बीच, रायन्स डेन आणि डेव्हिल्स किचन. म्हणजे ही वाट मुळात आठ दिवसांची आखलेली आहे. रोजचे टप्पे १० ते साडेपंधरा किलोमीटरचे. ती पाच दिवसांत बसवायची तर टप्पे जोडावे लागतात. पहिल्या दिवशी ब्लँकेट बे, २२ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी एअर रिव्हर, साडेवीस. तिसऱ्या दिवशी जोहाना, १४. आता उरले साधारण साडेबेचाळीस किलोमीटर आणि दिवस दोन. चौथ्या दिवशी रायन्स डेनला थांबलात तर पाचव्या दिवशी साडेअठ्ठावीस चालावं लागेल, आणि चौथ्याच दिवशी डेव्हिल्स किचनपर्यंत रेटलंत तर त्या दिवशी २७. दोन्हीकडून अडचण आहे, कारण जोहानाच्या पुढचा भागच या वाटेवरचा सगळ्यात कष्टाचा आहे. तिथे टेकड्या एकामागून एक येतात. चढायचं, लगेच उतरायचं, ओढा ओलांडायचा आणि पुन्हा चढायचं, असं दिवसभर चालू राहतं.

त्यात पाठीवरचं ओझं धरा. दोघांचा तंबू दोनेक किलो, स्लीपिंग बॅग प्रत्येकी किलोभर, मॅट अर्धा किलो, शेगडी आणि भांडी, अन्न माणशी रोज सहाशे ते आठशे ग्रॅम, पाणी दोन-तीन लिटर, पावसाचे आणि थंडीचे कपडे. कितीही काटकसर केली तरी प्रत्येकाच्या पाठीवर तेरा-चौदा किलो येतात. दुखणारा गुडघा आणि तेवढं वजन घेऊन सलग उतार उतरणं कुणालाही सोपं नाही.

आणि चाल संपल्यावर गाडी कुठे असेल? अपोलो बेमध्येच, म्हणजे रस्त्यानं सुमारे ८५ किलोमीटर मागे. या भागातली सार्वजनिक बस आठवड्यातल्या मोजक्याच दिवशी धावते. चालणाऱ्यांची ने-आण करणाऱ्या खाजगी गाड्या आहेत, पण त्या आधी ठरवाव्या लागतात. गाडी आणण्यात पाऊण दिवस जातो. त्यानंतर वॉर्नम्बूल, त्यानंतर ग्रॅम्पियन्स आणि दुसऱ्या दिवशी विमानतळ! तुमच्या पतींची हौस मला समजते, पण यात दोन स्वतंत्र सहली एकात कोंबल्या आहेत. तुमचा गुडघा अगदी धडधाकट असता, तरीही हा बेत चौथ्या-पाचव्या दिवशी फाटलाच असता.

पहिल्या दिवसाबद्दलही स्पष्ट सांगते. मार्चमध्ये मेलबर्नचं घड्याळ भारतापेक्षा साडेपाच तास पुढे असतं. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तुमच्या शरीराच्या हिशेबानं पहाटेचे साडेतीन झालेले असतात. रात्रभर विमानात बसून आल्यावर अनोळखी गाडीतून सुमारे दोनशे किलोमीटर जायचं, आणि त्यातलं निम्मं अंतर वळणांचं. हा निर्णय धोकादायक आहे, मग गाडी कुणीही चालवो. उतरल्या दिवशी तासा-सव्वा तासापलीकडे गाडी हाकू नये. विमानतळावरून वेस्टर्न रिंग रोड धरला की शहरात न शिरता जिलाँगच्या दिशेला लागता येतं. या रस्त्यावर टोल नाही, आणि मेलबर्नच्या मध्यवस्तीतली ती विचित्र रीतही टळते, जिथे उजवीकडे वळण्यासाठी आधी चौकात डाव्या कडेला थांबावं लागतं. जिलाँग किंवा टॉर्कीला मुक्काम करा, लवकर जेवा, झोपा.

आता तुमच्या मनातल्या गोष्टीकडे येते. तुम्ही आणि बहुधा तुमचे पतीही असं धरून चाललात की सुट्टी एकत्र म्हणजे प्रत्येक पाऊल एकत्र. त्यामुळे वेगवान माणसाला सतत थांबावं लागतं, हळू माणसाला सतत धापा टाकाव्या लागतात आणि दोघांनाही वाटतं की समोरच्यासाठी मीच त्याग करतोय. वर्षानुवर्षं एकत्र राहणाऱ्या जोडप्यांमध्ये हा हिशेब फार कडवट होतो. वास्तविक या किनाऱ्यावर पायवाट आणि मोटाररस्ता पुन्हा पुन्हा एकमेकांच्या जवळ येतात. म्हणजे सकाळी वेगळे निघून दुपारी भेटणं इथे सहज जमतं. त्यासाठी एकच गोष्ट लागते: गाडी दोघांनाही चालवता यायला हवी.

तुम्ही स्वतःला ओझं समजत होतात. माझ्या मते या सहलीचा सगळ्यात महत्त्वाचा दुवा तुम्हीच आहात. तुम्ही गाडी हातात घेतलीत तर तुमचे पती तंबू, शेगडी काहीही न वाहता, पाठीवर सहा किलोची पिशवी घेऊन या वाटेवरचे उत्तम टप्पे चालू शकतात आणि संध्याकाळी गरम पाण्यानं आंघोळ करून तुमच्याबरोबर जेवू शकतात. तुम्ही नसाल तर त्यांना एकतर पूर्ण आठ दिवस द्यावे लागतील, नाहीतर ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या वेळा सांभाळाव्या लागतील.

शहराबाहेर चालवलं नाही, ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. ऑस्ट्रेलियात गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, सुकाणू उजवीकडे असतं आणि भाड्याच्या गाड्या बहुतेक ऑटोमॅटिक मिळतात. इंग्रजीत छापलेला वैध भारतीय परवाना पर्यटकाला व्हिक्टोरियात चालतो. तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. काही भाडेकंपन्या तो मागतात, आणि तो दाखवताना मूळ परवानाही जवळ लागतो. गाडी घेताना करारात दुसरा चालक म्हणून तुमचं नाव लिहून घ्या, आणि त्यासाठी काउंटरवर तुम्ही स्वतः हजर राहा. नाव नसताना तुम्ही चालवलीत आणि काही झालं तर विमा लागू होत नाही.

निघण्यापूर्वीच्या महिन्यात दर रविवारी पहाटे महामार्गावर तासभर चालवण्याचा सराव करा, शेजारी पती बसलेले असू देत. तिथले नियम थोडक्यात असे: वस्तीत वेगळी पाटी नसेल तर ताशी ५०, बाहेर १००, पण किनाऱ्याच्या रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी, वळणांवर पिवळ्या पाटीवर सुचवलेला वेग असतो, तो पाळा. गोल चौकात आधीच आत असलेल्या गाडीला वाट द्यायची. अखंड दुहेरी रेषा ओलांडायची नाही. मागे रांग लागली तर पुढच्या थांब्यावर डावीकडे गाडी घेऊन सगळ्यांना पुढे जाऊ द्या. हळू चालवण्यात कमीपणा नाही, पण पाच गाड्या अडवून ठेवल्या की मागचा माणूस वेड्यासारखा ओव्हरटेक करतो, आणि अपघात तिथे होतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा: सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचायचं. मार्चच्या उत्तरार्धात तिथे सूर्यास्त साधारण साडेसातला होतो. संधिप्रकाशात कांगारू आणि वॉलबी (लहान कांगारूच) रस्त्यावर येतात, आणि त्यांना चुकवायला जोरात सुकाणू वळवलं की गाडी दरीकडे किंवा झाडावर जाते. प्राणी समोर आलाच तर सरळ रेषेत ब्रेक दाबा. रात्री प्राण्याला धडकून झालेलं नुकसान, तसंच कच्च्या रस्त्यावरचं नुकसान बऱ्याच भाडेकरारांत वगळलेलं असतं. करारातली ती कलमं सही करण्यापूर्वी वाचा. ब्लँकेट बेला जाणारा रस्ता कच्चा आहे, म्हणून तो टप्पा गाडीच्या भरवशावर आखायचा असेल तर आधी भाडेकंपनीला विचारा.

आता कड्याची धास्ती. तुमच्या पतींच्या बेताप्रमाणे तुम्ही पूर्वेकडून पश्चिमेला जाणार. समुद्र दक्षिणेला, म्हणजे डाव्या हाताला. गाडी डाव्या लेनमध्ये, आणि शेजारी बसणाऱ्याची जागाही डावीकडची. म्हणजे अख्ख्या रस्त्यावर कड्याच्या सगळ्यात जवळ तुम्हीच बसलेल्या असणार. अशा जागी बसून हातात काहीच नसणं घाबरवणारं असतं, आणि पोटातही ढवळतं. स्वतः चालवताना हे दोन्ही बरंच कमी होतं, कारण नजर रस्त्यावर असते आणि वळण केव्हा येणार हे शरीराला आधी कळतं. त्यामुळे वळणांच्या टप्प्यातला काही भाग तुम्ही चालवा आणि पतींना समुद्र बघू द्या. तेही जमेना तर दिशा उलटी करा: जिलाँगहून कोलॅकमार्गे आतल्या सपाट रस्त्यानं आधी पोर्ट कॅम्पबेल गाठा आणि मग किनाऱ्यानं पूर्वेकडे या. तेव्हा तुमच्या डाव्या हाताला डोंगर असेल आणि समुद्राच्या बाजूला समोरून येणाऱ्यांची लेन. तोटा एवढाच, की प्रेक्षणस्थळी थांबायला दर वेळी समोरची रहदारी ओलांडून उजवीकडे वळावं लागेल.

या रस्त्याबद्दल आणखी एक समज असतो, की २४० किलोमीटर समुद्र खिडकीत असतो. तसं नाही. टॉर्कीच्या पुढे अँगलसी ओलांडल्यावर लॉर्न आणि तिथून अपोलो बे, हा समुद्राला चिकटलेला वळणांचा पट्टा. अपोलो बेनंतर रस्ता आत वळतो, ऑटवेच्या घनदाट जंगलातून लॅव्हर्स हिलवर चढतो आणि कॅसल कोव्ह इथली झलक सोडली तर पार प्रिन्सटाउनजवळ पुन्हा किनाऱ्याला येतो. मधल्या समुद्राचं दर्शन बहुतांशी पायवाटेवरूनच होतं. चालण्याचं खरं मोल इथे आहे, आणि तुमच्या पतींचा हट्ट त्या अर्थानं योग्यच आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यांनी हा रस्ता खणला, युद्धात मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. ईस्टर्न व्ह्यू इथल्या कमानीपाशी थांबलात तर हे ठाऊक असू द्या.

मला विचाराल तर ग्रॅम्पियन्स सोडून द्या. वॉर्नम्बूलही सोडा. तिथे व्हेल दिसतात ते हिवाळ्यात, जून ते सप्टेंबर. मार्चमध्ये त्यासाठी जाण्यात अर्थ नाही. रोज नव्या गावी सामान उचकटण्यापेक्षा दोन मुक्काम धरा: अपोलो बेला चार रात्री, पोर्ट कॅम्पबेलला दोन. दोन्ही ठिकाणी स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचं यंत्र असलेली जागा बघा.

दुसऱ्या दिवशी टॉर्कीहून अपोलो बेपर्यंत निवांत या. नव्वद-पंचाण्णव किलोमीटरच अंतर आहे, पण त्याला दिवस द्या.

तिसरा दिवस दोघांनी एकत्र चालण्याचा. अपोलो बेच्या बंदरापासून मरेन्गोपर्यंत वाट सपाट आहे. पुढे शेली बीचपर्यंत किनाऱ्यालगत खडकाळ होते. एकूण आठेक किलोमीटर. या दिवशी गुडघा काय म्हणतो ते कळेल, आणि मरेन्गोहून परत फिरलात तरी काही बिघडत नाही, गावच आहे. पुढच्या दिवसांचं त्या संध्याकाळीच ठरवा, घरी बसून ठरवू नका.

चौथा दिवस पतींचा. त्यांना केप ऑटवेच्या दीपगृहापाशी सोडा. १८४८ पासूनचं दीपगृह, आणि तिथवर डांबरी रस्ता आहे. तिथून ते एअर रिव्हरवरून कॅसल कोव्हपर्यंत चालत येतील, पंधराएक किलोमीटर. कॅसल कोव्ह मुख्य रस्त्यावरच आहे, त्यामुळे तुम्हाला गाडी घेऊन पोचणं सोपं. मधल्या वेळात दीपगृह सावकाश बघा, मग मेट्स रेस्टच्या वर्षावनात जा. तिथला लाकडी फळ्यांचा फेरा आठशे मीटरचा आहे. उंच नेचे, बीच जातीचे शेवाळलेले जुने वृक्ष, आणि गुडघ्याला काही त्रास नाही.

पाचवा दिवस मोकळा ठेवा. दक्षिणी महासागरावरून येणारा पाऊस तुमचं वेळापत्रक विचारत नाही, आणि राखीव दिवस नसला की माणसं वाईट हवेतही चालायला निघतात. हवा चांगली असली तर तोच दिवस अंगणात खुर्ची टाकून घालवा. याला वाया गेलेला दिवस म्हणू नका. चालून आलेल्या पायांना आणि वीस वर्षं जबाबदाऱ्या पेललेल्या दोघांना त्याची गरज असते.

सहाव्या दिवशी पोर्ट कॅम्पबेलकडे सरकताना पतींना कॅसल कोव्हला सोडून जोहाना बीचवर भेटता येईल, सात-आठ किलोमीटर.

आणि सातव्या दिवशी दोघांनी मिळून एक गंमत करा. प्रिन्सटाउन ते ट्वेल्व्ह अपोस्टल्स हा शेवटचा तुकडाही सात-आठ किलोमीटरचाच, वाट वाळू आणि झुडपांतून जाणारी. पतींना प्रिन्सटाउनला सोडा. तुम्ही गाडी अपोस्टल्सच्या वाहनतळावर लावा आणि तिथून उलट दिशेनं चालायला लागा. वाटेत कुठेतरी भेटाल. तिथे डबा खा, गाडीची किल्ली त्यांच्या हाती द्या. ते पुढे अपोस्टल्सला पोचतील, गाडी घेऊन प्रिन्सटाउनला येतील, तोवर तुम्ही तिथे आलेल्या असाल. दोघांनीही पूर्ण वाट आपापल्या वेगानं चाललेली असेल आणि कुणी कुणासाठी थांबलेलं नसेल. दमलात तर भेटीच्या जागेवरून त्यांच्याबरोबर मागे फिरा. किल्ली द्यायला मात्र विसरू नका! ती पिशवीच्या तळाशी न ठेवता चेनच्या खिशात ठेवा, आणि गाडी कुठल्या रांगेत लावली त्याचा फोटो दाखवा.

अपोस्टल्सवर दुपारी मेलबर्नहून आलेल्या बसगाड्यांची गर्दी असते. मुक्काम पोर्ट कॅम्पबेलला, बारा किलोमीटरवर असल्यानं तुम्ही सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जाऊ शकता. आठव्या दिवशी लॉक आर्ड गॉर्ज ही घळ आणि लंडन आर्च ही समुद्रातली खडकाची कमान पाहून कोलॅकमार्गे आतल्या रस्त्यानं मेलबर्नकडे निघा, सुमारे तीन तास. नववा दिवस विमानाचा.

आता सुरक्षेबद्दल, आणि हा भाग पतींनाही वाचायला द्या. अनुभवी ट्रेकर डोंगर ओळखतो. समुद्र ओळखतोच असं नाही. या वाटेवर काही ठिकाणी किनाऱ्यावरून जायचं की वरच्या वाटेनं, हे ठरवायला सांगणाऱ्या पाट्या लावलेल्या आहेत. अशा जागी ओहोटीची वेळ पाहणं हे अर्धंच काम. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक फार मोठा नसतो. घात होतो तो लाटांनी. दक्षिणी महासागरात दूरवर झालेल्या वादळाची लाट स्वच्छ उन्हातही येऊन थडकते, आणि दहा मिनिटं शांत दिसणारा खडक अकराव्या मिनिटाला धुतला जातो. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर भरतीच्या वेळेबरोबरच लाटांची उंचीही पाहा. शंका आली तर वरची वाट. पाण्याकडे पाठ करून खडकावर फोटो काढू नका. जोहाना आणि गिब्सन स्टेप्सच्या किनाऱ्यांवर पोहायला उतरू नका. पोहायचं तर जीवरक्षकांनी लाल-पिवळे झेंडे लावले असतील तिथेच, दोन झेंड्यांच्या मध्ये.

कड्यांच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकू नये, यामागचं कारण चुनखडकात आहे. लाटा तो खालून पोखरतात, वरचं गवत मात्र जसंच्या तसं दिसतं. लंडन आर्चला पूर्वी दोन कमानी होत्या. जानेवारी १९९० मध्ये जमिनीला जोडणारी कमान कोसळली आणि पलीकडे अडकलेल्या दोन पर्यटकांना हेलिकॉप्टरनं सोडवावं लागलं. २००५ मध्ये अपोस्टल्सपैकी एक खांब असाच ढासळला.

मार्चमध्ये वणव्याचा काळ पूर्ण सरलेला नसतो. आणीबाणीचे इशारे देणारं विकइमर्जन्सी हे अ‍ॅप फोनवर घ्या आणि रोज सकाळी बघा. धोका फार वरच्या पातळीचा जाहीर झाला तर उद्यानाचे भाग बंद करतात. त्या दिवशी चालणं रद्द, त्यावर चर्चा नको. ऑटवेच्या जंगलात फोनला रेंज अनेक ठिकाणी नसते. टेल्स्ट्रा या फोन कंपनीचं जाळं त्यातल्या त्यात बरं, पण त्यावरही विसंबू नका. उपग्रहामार्फत संकटाचा इशारा पाठवणारं छोटं यंत्र भाड्यानं मिळतं. एकटे चालणाऱ्या पतींच्या पिशवीत ते असायलाच हवं. नकाशे आधीच उतरवून ठेवा.

साप आहेत, टायगर स्नेकसारखे विषारीही. पायघोळ पँट आणि घोट्यावर येणारे बूट घाला, आणि प्रत्येकाच्या पिशवीत दहा सेंटिमीटर तरी रुंदीची लवचिक बँडेजं दोन ठेवा. चावल्यास जखम धुवायची नाही, कापायची नाही. दंशावरून सुरुवात करून संपूर्ण पाय घट्ट गुंडाळायचा, पाय न हलवता जागीच आडवं राहायचं आणि ००० या तिथल्या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करायचा. ही बँडेज बांधण्याची पद्धत घरी एकमेकांवर दोनदा करून पाहा.

बुटांना माती लागलेली असेल तर विमानतळावर अडवतील. बूट, काठ्या, तंबू असेल तर तोही घासून धुऊन न्या, आणि उतरताना भरायच्या माहितीत वापरलेले ट्रेकिंगचे बूट आणि सगळे खाद्यपदार्थ जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर जप्त होते, लपवलेलीबद्दल जबर दंड होतो. वाटेवरही बूट घासायची ठिकाणं आहेत. झाडांची मुळं कुजवणारा एक रोग मातीतून पसरतो, म्हणून ती वापरा.

गुडघ्यासाठी निघण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. दुखण्याचं कारण कळल्याशिवाय नुसता पट्टा चढवू नका. ट्रेकिंगच्या दोन काठ्या घ्या आणि उतरताना त्या पुढे टेकवायची सवय आत्तापासून लावा. उतारावर त्यांची लांबी थोडी वाढवायची असते, हे बरेच जण करत नाहीत आणि मग काठ्यांचा उपयोग नाही म्हणतात. आठवड्यातून दोनदा जिने उतरण्याचा सराव करा, पाठीवर आधी दोन आणि मग पाच किलो घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसली तर तेवढा भार तुम्हाला जास्त आहे. याच वाटेवरच्या रेक बीचला साडेतीनशेहून अधिक पायऱ्या उतराव्या आणि तेवढ्याच चढाव्या लागतात. तिथे बुडालेल्या जहाजांचे नांगर वाळूत आहेत, फार सुंदर जागा आहे, पण गुडघ्यानं होकार दिला तरच.

आता पतींशी बोलायचं कसं? "मी येत नाही, तू मित्रांबरोबर जा" हे वाक्य त्यांना नकारासारखंच ऐकू येईल. त्याऐवजी त्यांना एक सरळ प्रश्न विचारा: ही वाट शेवटपर्यंत पूर्ण करणं महत्त्वाचं आहे, की या किनाऱ्यावर आपण दोघांनी असणं? उत्तर ऐकताना घाई करू नका, आणि आवडीचं उत्तर त्यांच्या तोंडी घालू नका. पूर्ण करणं हेच उत्तर आलं तर त्यात तुमचा अपमान नाही. मग ती आठ दिवसांची वेगळी सहल आहे, त्यांनी मित्रांबरोबर वेगळ्या वर्षी करावी, सातही मुक्काम रीतसर आरक्षित करून, पूर्वेकडून पश्चिमेकडे, कारण आरक्षण त्याच दिशेनं मिळतं. आणि या वर्षीचे नऊ दिवस दोघांचे. पण "दोन्ही यातच बसवू" असं म्हणाले तर वरचा किलोमीटरचा हिशेब कागदावर मांडून समोर ठेवा. ट्रेक करणारा माणूस शब्दांपेक्षा आकड्यांवर लवकर विश्वास ठेवतो.

तुम्हालाही एक विचारते. तुम्ही या नऊ दिवसांत काय करणार, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्यांचं स्वप्न आहे, त्यांचा वेग आहे, त्यांचा हिरमोड आहे. तुम्हाला त्या किनाऱ्यावर काय हवंय? समुद्रासमोर बसून वाचायचंय, कोआला बघायचेत, एकट्यानं गाडी चालवून एखाद्या गावी कॉफी प्यायला जायचंय? दोन-तीन गोष्टी लिहून काढा आणि पतींच्या टप्प्यांइतक्याच ठळकपणे त्या वेळापत्रकात घाला. नाहीतर ते चालतात आणि तुम्ही वाहनतळावर वाट पाहता, अशी सहल होईल, आणि तिसऱ्या दिवशी तुमचाच तोल जाईल.

वेगळं चालण्याचे तीन नियम आधीच ठरवून ठेवा. पहिला: भेटीची जागा आणि वेळ कागदावर दोघांकडे, आणि वेळ धरताना ताशी तीन किलोमीटरच धरायचे, पती कितीही झपझप चालत असोत, वाळूत आणि चढावर तेवढाच वेग उरतो. दुसरा: चालणाऱ्यानं वाट बदलायची नाही, पुढचा एखादा टप्पा मोहात टाकत असला तरी. तिसरा: ठरलेल्या वेळेनंतर एक तास थांबायचं, मग रेंज असलेल्या जागी जाऊन फोन लावायचा, आणि दोन तास उलटले तर संकोच न करता ००० ला कळवायचं. गाडीजवळून हलताना कुठे चाललात आणि किती वाजता परत येणार, याची चिठ्ठी काचेखाली ठेवा.